दोनशे पन्नास म्हटल्यानंतर

मेल पाठवण्याबद्दल लोक भरभरून बोलतात. आलेल्या मेलचं पुढे काय होतं हे कुणाच्या खिजगणतीत नसतं. मेल गेला नाही की लगेच बोंब होते. आला, पण नेमक्या जागी पडला नाही, तर ते कळायलाच चार दिवस जातात. तोवर पाठवणारा छातीठोकपणे सांगत असतो, माझ्याकडून तर गेला. आणि तो खरंच बोलत असतो. आपल्या युनिक्स मशीनच्या दारात मेल येतो तिथपासून तो वाचणाऱ्याच्या पेटीत पडतो तिथपर्यंतचा टप्पा, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. टप्पा लहान आहे, पण मेल हरवायच्या जागा याच टप्प्यात दाटीवाटीनं बसल्या आहेत.

दारातला संवाद आधी ऐकून घ्यावा. समोरचा सर्व्हर आपल्या २५ नंबरच्या पोर्टवर येतो, 'एहलो' म्हणून स्वतःचं नाव सांगतो. मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग घेणाऱ्याचा पत्ता, मग 'डेटा' म्हणून सगळा मजकूर, आणि शेवटी एका ओळीत नुसतं एक टिंब. त्या टिंबावर आपला सर्व्हर '२५०' असं उत्तर देतो आणि समोरचा आपल्या रांगेतली प्रत पुसून मोकळा होतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं रजिस्टर पत्रावर सही केली की पोस्टमनचा संबंध संपतो, तसंच. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२१ पासून हा संवाद चालत आला आहे. २००८ चा आरएफसी ५३२१ तर स्पष्ट बजावतो की एकदा मेल स्वीकारला की मशीन कोसळलं किंवा डिस्क भरली, असल्या सबबींवर तो हरवता कामा नये.

मला या विषयात जे सांगायचं आहे ते या आकड्यापाशीच आहे. आलेल्या मेलच्या मांडणीतला कुठलाही निर्णय समोर आला, की तो २५० च्या आधी घ्यायचा की नंतर, हे पहिल्यांदा ठरवावं. बाकीच्या सेटिंग्ज म्हणजे त्या मानानं नुसतं टंकलेखन.

हे पुस्तक कुणासाठी, हेही सांगून टाकतो. खांदेश्वर स्टेशनवरून सकाळी निघणाऱ्या लोकलमध्ये सर्व्हर सांभाळणारी बरीच मंडळी असतात. कुणी महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये, कुणी बेलापूरच्या एखाद्या कार्यालयात, कुणी न्हावाशेवा बंदराच्या जिवावर चालणाऱ्या क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात. त्यातल्या पुष्कळांच्या गळ्यात मेल सर्व्हर आपसूक पडलेला असतो. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला, जाताना पासवर्डची चिठ्ठी देऊन गेला, बस्स. कागदावर यांचं पद 'सिस्टम ॲडमिन' असतं, पण प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं त्यांच्याच डोक्यावर. पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हीच मंडळी होती.

थोडं मागे जाऊ, कारण मागचा काळ या विषयात नुसता शोभेचा नाही. भारतात इंटरनेटचा मेल रुजला तो जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात. डॉ. एस. रमाणी तिथले संचालक. सरकारच्या अर्नेट प्रकल्पात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि हे केंद्र अशा आठ संस्था होत्या. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एनसीएसटी आणि पवईच्या आयआयटीमधले मेल साध्या टेलिफोन लाइनवरून जात-येत. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत सेकंदाला ९.६ किलोबिटची लीज्ड लाइन सुरू झाली आणि देशभरच्या संशोधकांचे मेल त्या एका चिंचोळ्या वाटेनं येऊ लागले. न्हावाशेवा बंदरही त्याच वर्षी सुरू झालं, हा योगायोग मला उगीचच आवडतो. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिचा खारघरचा परिसर खांदेश्वरपासून जवळच आहे.

सामान्य माणसाच्या हाती मेल आला तो १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या सेवेतून. तेव्हाचं स्वस्त खातं म्हणजे शेल खातं. मोडेमनं फोन लावायचा, दूरच्या युनिक्स मशीनवर लॉगिन करायचं आणि काळ्या पडद्यावर 'पाइन' उघडून मेल वाचायचे. मुंबईकरांचे पत्ते 'जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन' असे लांबलचक असत. त्यातलं 'बीएम' म्हणजे बॉम्बे आणि '०१' हा क्रमांक. म्हणजे मेल कुठल्या यंत्रावर पडणार ते पत्त्यातच लिहिलेलं असे. खरं तर १९८६ च्या आरएफसी ९७४ नं एमएक्स नोंदीची सोय करून ठेवली होती. पत्त्यात नुसतं डोमेन ठेवून यंत्राचं नाव पडद्याआड नेता येत होतं. तसं केलं की यंत्र बदललं तरी पत्ता तोच राहतो. यंत्राचं नाव पत्त्यात गोवलं की लोकांच्या व्हिजिटिंग कार्डांवर तुमचं हार्डवेअर छापलं जातं आणि मग ते वर्षानुवर्षं जिवंत ठेवावं लागतं. आजही छोट्या ऑफिसात 'सर्व्हर२' असलेले पत्ते दिसतात तेव्हा वाईट वाटतं.

त्याच काळातली दुसरी एक पद्धत मला जास्त शिकवून गेली. १९९६ पासून 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी मिळू लागल्या आणि अनेक ऑफिसांत जुन्या डब्यावर लिनक्स चढलं. सगळ्या ऑफिसला मिळून डायल-अपचं एकच खातं. दिवसातून काही वेळा फोन लागायचा, 'फेचमेल' तिकडच्या एकाच पेटीतले सगळे मेल ओढून आणायचा आणि 'सेंडमेल' ते माणसामाणसांत वाटायचा. पण वाटायचे कशावरून? मेलच्या आत 'टू' म्हणून जी ओळ असते तिच्यावरून. घोटाळा होता तो इथे. मेलचा खरा पत्ता दारातल्या संवादात सांगितला जातो. त्याला लिफाफा म्हणतात. आतली 'टू'ची ओळ हा मजकुराचा भाग, पाठवणाऱ्यानं हवं ते लिहावं. गुप्त प्रत म्हणून पाठवलेल्या मेलमध्ये घेणाऱ्याचं नाव आत कुठेच नसतं. टपालयादीवरून आलेल्या मेलमध्ये यादीचं नाव असतं. सामायिक पेटीत पडताना लिफाफा फेकला गेला की असे मेल बेवारस होतात आणि साहेबांच्या नाहीतर पोस्टमास्टरच्या पेटीत साठत जातात. लिफाफा आणि आतला मजकूर हा फरक ज्याच्या हाडीमाशी मुरला, त्याला या पुस्तकाचा अर्धा भाग नुसता चाळला तरी पुरेल.

आता आजच्या मांडणीकडे. उदाहरणांसाठी मी पोस्टफिक्स घेतला आहे. व्हिट्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात तो लिहिला आणि १९९८ मध्ये जगासमोर आणला. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल त्याआधीचा, आणि फिलिप हेझल यांनी केंब्रिजमध्ये लिहिलेला एक्झिमही तोडीस तोड आहे. पण पोस्टफिक्सची सेटिंग वाचता येते, आणि वाचता येणं हा शिकणाऱ्याच्या दृष्टीनं मोठा गुण.

पोस्टफिक्सला पहिल्यांदा सांगावं लागतं ते 'माझे कोण' हे. 'मायडेस्टिनेशन'मध्ये लिहिलेल्या डोमेनचे मेल तो युनिक्सची खाती असलेल्या माणसांना देतो. 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स'मधल्या डोमेनच्या माणसांना मशीनवर खातं लागत नाही, नुसती यादी पुरते. एकच डोमेन दोन्हीकडे लिहिलं की पोस्टफिक्स लॉगमध्ये कुरकुरतो, पण थांबत नाही. आणि मग यादीत नाव असूनही 'असा कुणी नाही' म्हणून मेल परत जातात. नवख्यांचा इथे हमखास दिवस जातो.

आता २५० चा प्रश्न आलाच. ज्याची पेटी आपल्याकडे नाही त्याचा मेल आला तर दारातच ५५० म्हणून नाही म्हणावं. पोस्टफिक्स मुळात तसंच करतो. पण कुणीतरी घाईत 'लोकल रेसिपियंट मॅप्स' रिकामं ठेवतं आणि सर्व्हर कुणाच्याही नावाचा मेल घेत सुटतो. आत आल्यावर कळतं की माणूसच नाही. मग तो मेल परत पाठवायचा, आणि तोही लिफाफ्यावर लिहिलेल्या पत्त्यावर, जो स्पॅममध्ये बहुधा दुसऱ्या कुणाचा चोरलेला असतो. म्हणजे आपण ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाच्या पेटीत कचरा टाकतो, आणि चार दिवसांत आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जातो. 'कुठलाही मेल चुकायला नको' म्हणून सगळं एका पेटीत घेणारी व्यवस्था मालकांना फार आवडते. माझा तिला विरोध आहे. ज्या पेटीत रोज हजारभर स्पॅम पडतो, तिथे खरा मेल आला काय आणि न आला काय.

माणूस आपलाच आहे हे ठरल्यावर मेल आत कुठल्या क्रमानं फिरतो, यावर पुस्तकातली सगळ्यात जास्त पानं खर्ची पडली आहेत. पोस्टफिक्सचा स्थानिक वाटप करणारा भाग आधी एलियसची फाइल पाहतो, मग माणसाच्या घरातली 'डॉट फॉरवर्ड' फाइल, मग 'मेलबॉक्स ट्रान्सपोर्ट', त्यानंतर 'मेलबॉक्स कमांड', मग 'होम मेलबॉक्स', आणि यातलं काहीच नसेल तर व्हार-मेलमधली जुनी सामायिक जागा. वरचं सेट असलं की खालचं पाहिलं जात नाही. 'मी होम मेलबॉक्स बदलला, तरी काहीच फरक पडत नाही' ही तक्रार आली की वरच्या पायरीवर कुणीतरी 'मेलबॉक्स कमांड' ठेवून गेलेलं असतं.

एलियसचं महत्त्व बंदराच्या कामात चांगलं कळतं. शिपिंग लाइनची अरायव्हल नोटीस 'डॉक्स' नावाच्या पत्त्यावर येते. ती कुणी वेळेत पाहिली नाही, डिलिव्हरी ऑर्डर लांबली, तर कंटेनरचं डिटेंशन दिवसागणिक चढतं. तो पत्ता एका माणसाच्या पेटीला बांधला आणि तो गणपतीला गावी गेला, की झालं. एलियस करून तीन माणसांना प्रत दिली, तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं पाहिली असेल. म्हणून अशा पत्त्याला स्वतंत्र पेटी द्यावी आणि तिघांनी ती आयमॅपवरून एकत्र पाहावी, असं माझं मत. पाहिलेल्या मेलची खूण तिघांनाही दिसते आणि चुकारपणाला जागा राहत नाही.

पेटी कशाची करायची, हा पुढचा प्रश्न. जुनी एमबॉक्स पद्धत म्हणजे सगळे मेल एकाच फाइलीत, एकाखाली एक. नवा मेल कुठे सुरू झाला हे कळावं म्हणून प्रत्येकाची पहिली ओळ 'फ्रॉम' या शब्दानं सुरू होते. आता मजकुरातच एखाद्यानं त्या शब्दानं ओळ सुरू केली, तर घोळ नको म्हणून तिच्यापुढे बाणासारखं चिन्ह ठोकून देतात. जुन्या मेलमध्ये अधूनमधून दिसणारा तो उपरा बाण पाठवणाऱ्यानं टाकलेला नसतो. त्याहून मोठी अडचण कुलपाची. एक प्रोग्राम लिहितो आहे आणि त्याच वेळी दुसरा पुसतो आहे, तर फाइलीला कुलूप लागतं, आणि कुलपाच्या तीन तऱ्हा आहेत. दोन प्रोग्रामनी वेगवेगळी कुलपं लावली की एकमेकांना ती दिसतच नाहीत.

डॅन बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी मेलडिरची रचना केली आणि कुलपाचा प्रश्नच काढून टाकला. पेटी म्हणजे एक फोल्डर, त्यात 'टीएमपी', 'न्यू' आणि 'कर' असे तीन. मेल आधी 'टीएमपी'मध्ये, दुसऱ्या कुणाचं असणार नाही अशा नावानं पूर्ण लिहायचा, डिस्कवर उतरल्याची खात्री करायची आणि मग 'न्यू'मध्ये सरकवायचा. वीज मध्येच गेली तर अर्धवट फाइल 'टीएमपी'त पडून राहते, वाचणाऱ्याला अर्धा मेल कधी दिसत नाही. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी बसून हे लिहिताना ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. पोस्टफिक्समध्ये ती मिळवायला 'होम मेलबॉक्स'च्या नावाअखेर तिरकी रेघ द्यावी लागते. रेघ विसरलात तर मेलडिर नावाची एमबॉक्स फाइल तयार होते.

मदतीसाठी येणाऱ्या प्रश्नांत पहिला नंबर याच्याच भावंडाचा. पोस्टफिक्स मेल व्हार-मेलमध्ये टाकतो आहे आणि पेटी वाचून दाखवणारा डव्हकॉट घरातल्या मेलडिरमध्ये शोधतो आहे. लॉगमध्ये 'पोचला' असं स्वच्छ लिहिलेलं, आणि माणसाची पेटी रिकामी. दोघंही आपापल्या परीनं बरोबर. यावरचा कायमचा इलाज म्हणजे पोस्टफिक्सनं स्वतः पेटीला हात न लावता मेल एलएमटीपीनं डव्हकॉटच्या हवाली करावा. जो वाचून दाखवतो त्यानंच ठेवावा. १९९६ च्या आरएफसी २०३३ मधली ही बोली एसएमटीपीसारखीच आहे, फक्त मजकूर संपल्यावर प्रत्येक घेणाऱ्याचं उत्तर वेगळं येतं. तिघांपैकी एकाची पेटी भरली असेल तर त्याच्यापुरताच नकार, बाकी दोघांचा मेल पडून जातो. भरलेल्या पेटीवर तात्पुरतं नाही म्हणायचं की कायमचं, हेही ठरवून ठेवावं. डव्हकॉट आपणहून कायमचं नाही म्हणतो.

मेल प्रोग्रामच्या हाती देण्याबद्दल पुस्तकात थोडं कडक लिहिलं आहे. बिलं आपोआप नोंदवणारी स्क्रिप्ट, तक्रारीला नंबर देणारी स्क्रिप्ट, अशा गोष्टी लोक हौसेनं जोडतात. स्क्रिप्ट संपताना जो आकडा मागे ठेवते त्यावर मेलचं नशीब ठरतं. शून्य म्हणजे झालं, विसरून जा. ७५ म्हणजे आत्ता जमत नाही, पुन्हा ये. मग पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवतो आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५ दिवस प्रयत्न करत राहतो. इतर आकड्यांवर तो बहुतेक वेळा मेल परत पाठवून देतो. डेटाबेस बंद असताना शून्य देऊन मोकळी होणारी स्क्रिप्ट मी सगळ्यात धोकादायक समजतो, कारण तिच्याबद्दल कुणी तक्रारच करत नाही. निवडानिवडीसाठी पूर्वी सगळे प्रॉकमेल वापरत. १९९० च्या त्या प्रोग्रामची २००१ ची आवृत्ती पुढे दोन दशकं तशीच फिरत राहिली. नव्यानं काही करणाऱ्यानं सीव्ह ही भाषा शिकावी. तिच्यात फिरत राहणारं आवर्तन लिहिताच येत नाही, आणि दुसऱ्याच्या पेटीवर चालणाऱ्या भाषेत असला अपुरेपणा हवाच.

मेल दुसरीकडे वळवण्यावर वेगळं प्रकरण लिहावं लागलं. 'सगळे मेल माझ्या जीमेलवर टाका' ही मागणी रोजची. पण वळवलेला मेल आपल्या सर्व्हरवरून जातो आणि लिफाफ्यावर नाव मूळ पाठवणाऱ्याचं राहतं. तिकडचा सर्व्हर एसपीएफ तपासतो, त्या डोमेनच्या यादीत आपला पत्ता नसतो, आणि बँकेचा खरा मेल खोटा ठरतो. लिफाफ्यावरचं नाव एसआरएसनं बदलता येतं, मूळ डीकेआयएम सही शाबूत राहिली तर तीही कामी येते. तरीही मी सांगतो, वळवू नका. तिकडून पेटी वाचायची सोय करून द्या.

एका प्रकरणाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण ते मराठी वाचणाऱ्यांसाठीच आहे. २०१२ च्या आरएफसींनी इतर लिपींतले पत्ते शक्य केले, डॉट भारत हे डोमेन २०१४ मध्ये आलं, आणि पोस्टफिक्सनं २०१५ च्या ३.० आवृत्तीत त्याची सोय केली. आता 'कऱ्हाडे' या आडनावाची पेटी करा. त्यातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक स्वतंत्र ऱ घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच. सर्व्हर मात्र दिसणं पाहत नाही, कोडचे आकडे पाहतो. युनिकोडचं एनएफसी रूप केलं तरी हे दोन एक होत नाहीत. म्हणजे एका कीबोर्डवरून पाठवलेला मेल पोचतो आणि दुसऱ्यावरून पाठवलेल्याला '५५०, असा कुणी नाही'. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे, सगळ्यांची हीच गत. उपाय साधा आहे: पेटीचं खरं नाव रोमन लिपीत ठेवावं आणि देवनागरीतली दोन्ही रूपं एलियस म्हणून द्यावीत. परदेशी मॅन्युअलमध्ये हे सापडणार नाही.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा का, असं मला विचाराल तर बहुतेकांनी चालवू नये असंच सांगेन. ठरावीक आयपी नसलेल्या घरच्या ब्रॉडबँडवर तर मुळीच नाही. पण सेवा कुणाचीही घेतलीत तरी या पुस्तकातली एक गोष्ट टळत नाही. तुमच्या प्रत्येक युनिक्स मशीनवर क्रॉन रूटला मेल पाठवत असतो. रात्रीचा बॅकअप फसला, डिस्क भरत आली, हे तो इमानानं कळवतो, आणि ते व्हार-मेलमधल्या एका फाइलीत वर्षानुवर्षं साचतं. लॉगिन करताना 'नवा मेल आहे' अशी ओळ दिसते. ती आपल्यासाठी आहे असं कुणाला वाटतच नाही.

म्हणून पहिलं प्रकरण उघडण्याआधी एवढं करा. आपल्या मशीनवरच्या रूटला आणि पोस्टमास्टरला एकेक मेल पाठवा, लॉगमध्ये त्याचा रांग-क्रमांक शोधा आणि तो नेमका कुठल्या फाइलीत पडला ते डोळ्यांनी पाहा. फाइल सापडली तर पुढे पहिल्यापासून वाचा. लॉगमध्ये 'पोचला' दिसतो आणि फाइल सापडत नाही, तर सरळ तिसऱ्या प्रकरणावर या.

लेखक
खांदा कॉलनी, नवीन पनवेल